सासूबाईंच्या अलीकडे

दूध वर यायच्या बेतात होतं आणि ताईंची मूठ सासूबाईंच्या नाकाच्या जरा अलीकडे येऊन थांबली होती.

“श्वास सोड,” सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. “काल सोडला होतास, आज कोंडून धरलायस. आणि दुधाकडे बघ.”

ताईंनी श्वास सोडला, डाव्या हातानं गॅस बारीक केला, फ्रिजला खांदा लागू नये म्हणून अंग चोरून वळल्या, वरच्या कपाटाचं कधीच न मिटणारं दार चुकवायला मान खाली घातली आणि सिंकच्या दिशेनं एक लाथ झाडली. भांडी किणकिणली. जिथून निघाल्या होत्या त्याच फरशीवर त्या परत येऊन उभ्या राहिल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि चहा गाळायला घेतला.

याला काता म्हणतात. कराटेमध्ये काही हालचाली ठरलेल्या क्रमानं, समोर कुणी नसताना, कुणीतरी आहे असं समजून करायच्या असतात. नवऱ्याशी भांडायच्या आधी बायका आंघोळ करताना मनातल्या मनात जे करतात तेच, फक्त हातपाय हलवून. ताईंची अडचण एवढीच की ‘समोर कुणी नसताना’ हे त्यांना कधी जमलं नाही. घरात पाय टाकायला जागा होती ती स्वयंपाकघरात, आणि तिथल्या खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची होती.

“मी उठणार नाही,” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “इथं ऊन येतं. तुझं तू बघ.”

तेव्हापासून ताई बघत होत्या.

खरं तर ताईंना कराटे शिकायची काही हौस नव्हती. त्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत. लोक घाबरून यायचे, गालाला रुमाल लावून, आणि ताई त्यांना ठरलेल्या एका मऊ आवाजात सांगायच्या, “काही होत नाही हो.” या आवाजावर डॉक्टरीणबाईंचा अर्धा धंदा चालायचा. धिप्पाड पुरुषही तो आवाज ऐकून खुर्चीत जाऊन बसायचे. मात्र हा आवाज ताईंच्या स्वतःवर चालत नसे. लिफ्ट, कुत्री, अनोळखी नंबरावरून आलेला फोन, मागून येणारी सायकल, सगळ्याला त्या घाबरायच्या. आणि या सगळ्यांच्या वर नंबर होता दवाखान्याच्या जिन्याचा.

जिना अरुंद होता. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि आपण मधल्या वळणावर पोचतोय न पोचतोय तोच आपला आपण विझायचा. एका संध्याकाळी तसाच विझला. खालून पावलं वर येत होती. जड, संथ. ताई वळणावर उभ्या होत्या. ओरडावंसं वाटलं, घसा उघडेना. पळावंसं वाटलं, पाय हलेनात. पावलं अगदी अंगावर आली आणि अंधारातून आवाज आला,

“ताई, जरा सरकता का? खांदा निघाला माझा.”

पाण्याचे जार पोचवणारा होता. ताईंना सरकताही आलं नाही. शेवटी तोच भिंतीला घासत, पुटपुटत वर गेला. घडलं काहीच नाही. पण घडलं असतं तर आपण अशाच खांबासारख्या उभ्या राहिलो असतो, हे ताईंना त्या क्षणी कळलं, आणि ते कळणंच वाईट होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी मास्तर त्यांना न्यायला येऊ लागले.

मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. ते गाडी चालवायला शिकवायचे. आयुष्य शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबण्यात गेलेलं, त्यामुळे घरीही त्यांचा उजवा पाय स्वस्थ नसे. टीव्हीवर कुणी धावत आलं, दाब ब्रेक. सासूबाईंनी आवाज चढवला, दाब ब्रेक. सोफ्यासमोरची सतरंजी एकाच जागी विरली होती. बायकोला आणायला जायचं म्हणून त्यांनी संध्याकाळचे विद्यार्थी सोडले, आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. ताईंना त्याचंच जास्त लागायचं.

अशात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ताई, पुढच्या महिन्यापासून मला संध्याकाळी लवकर निघावं लागणार. बाळाला पाळणाघरातून आणायचं असतं. शेवटचे पेशंट सहायक डॉक्टर बघतील, पण ते लगेच जातात. कुलूप तुम्हाला लावावं लागेल. एकटीला. जमेल?”

“बघते,” ताई म्हणाल्या.

“सोमवारी सांगा. नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हो. वाईट वाटून घेऊ नका.”

ती नोकरी ताईंना जिवापाड आवडायची. तिथं, एका काउंटरच्या मागे का होईना, त्या धीट होत्या.

कराटेचे सर त्याच्या काही महिने आधी याच काउंटरवर भेटलेले. कौलं फोडणारा माणूस, पण दाढेत मशीन घालायचं म्हटल्यावर त्यांनी ताईंचा हात असा धरला की अंगठीची खूण दिवसभर गेली नाही. “काही होत नाही हो,” ताई म्हणत राहिल्या. उठल्यावर सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ताई,” ते सुजलेल्या तोंडानं म्हणाले, “तुम्ही या आमच्या क्लासला. फी नको. तुमच्यासारख्या खंबीर बाईला मी काय शिकवणार, पण या.”

खंबीर बाई गेली. क्लास टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होता. सर नव्या पद्धतीचे. ग्लोव्हज, पॅड, समोरासमोर लढत. ताईंसमोर कुणी उभं राहिलं की त्यांचे डोळे गच्च मिटत.

“ताई, डोळे उघडे ठेवा!”

“उघडले तर तो दिसतो ना!”

शेवटी सरांनी त्यांना लढतीतून वगळलं आणि कात्यावर ठेवलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला निवडायला भाजी द्यावी तसं. “काता म्हणजे हवेशी भांडण,” सर सगळ्यांना सांगत. “हवा उलटून मारत नाही. तेव्हा त्यात फार जीव घालवू नका. पण पट्ट्याच्या परीक्षेला मोठ्या बाई येतात आणि त्यांना काता लागतोच, म्हणून करायचा.”

मोठ्या बाई म्हणजे सरांच्या गुरू. त्यांचं नाव निघालं की सर पाठ ताठ करत. एकदा म्हणे त्यांनी अख्खा वर्ग नापास करून चहासुद्धा न घेता परतीची गाडी पकडली होती.

ताईंनी मनाशी ठरवून टाकलं. रविवारच्या परीक्षेत पट्टा मिळाला तर सोमवारी डॉक्टरीणबाईंना हो म्हणायचं. नाही मिळाला तर नाही. आपल्याला जे ठरवता येत नाही ते दुसऱ्या कुणीतरी ठरवावं, अशी ती सोय होती.

रविवारी सकाळी ताई टायरच्या दुकानाचा जिना कठडा धरून चढल्या. कडेच्या बाकावर घरचे लोक बसले होते. सासूबाई ठेवणीतला चष्मा लावून, मास्तर त्यांच्या शेजारी. टेबलामागे मोठ्या बाई. लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, हातात काठी. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली आणि मास्तरांनी ब्रेक दाबला.

“चुकलं तर चालेल,” सर उमेदवारांच्या कानात सांगत फिरत होते. “थांबलात तर संपलं. काहीही झालं तरी थांबू नका.”

ताई आतापर्यंत क्लासमध्ये शेवटच्या रांगेत, एका दणकट तरुणाच्या मागे उभ्या राहत आल्या होत्या. सगळे त्याला पैलवान म्हणत. पैलवान वळला की ताई वळायच्या, त्यानं लाथ मारली की मारायच्या. आज प्रत्येकानं एकट्यानं करायचं होतं. पैलवानाचा नंबर आधी आला. त्यानं काता असा केला की खिडक्यांच्या काचा हादरल्या.

“छान,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तो तिसरा ठोसा मारलात, तेव्हा समोर कोण होतं?”

पैलवान गोंधळला. “शत्रू.”

“कसा होता?”

“वाईट, बाई.”

“उंच होता का बुटका?”

पैलवानानं सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

“जा, बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी बारीक लिहिलं. हॉलमध्ये टायरच्या रबराचा वास आणि सगळ्यांची भीती एकत्र दाटली होती.

मग ताईंना बोलावलं.

हॉलच्या मधोमध उभं राहिल्यावर ताईंच्या लक्षात आलं की पुढे पैलवान नाही. पुढे काहीच नाही. सगळीकडे नुसती फरशी. डोकं धुतलेल्या पातेल्यासारखं रिकामं झालं. पहिली हालचाल कुठली? उजवी? डावी? ‘थांबू नका,’ एवढंच आठवत होतं, पण त्यासाठी आधी निघावं लागतं. इतक्यात बाकावरून, मटार सोलताना यायचा तसा, एक बारीक खोकला आला.

आणि ताईंचं अंग निघालं.

ताई गेल्या नाहीत, त्यांचं अंग गेलं. ठोसा सुटला आणि अर्ध्यातच, हाताला अजून पल्ला असताना, नेमका थांबला. बाकावर कुणीतरी हसलं. डावा हात खाली गेला आणि त्यानं हवेत काहीतरी हलकेच पिळलं. अंग आक्रसून ताई त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या हॉलमध्ये अशा तिरक्या वळल्या, जसं काही दोन्ही बाजूंना सामान आहे. मान खाली घातली, वर काही नव्हतं. लाथ झाडली. वाकून नमस्कार केला. आणि तेव्हा कुठे ताईंना कळलं की आपण काय करून बसलो. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

मोठ्या बाई काठीवर हनुवटी टेकून पाहत होत्या.

“परत करा,” त्या म्हणाल्या. “सावकाश. आणि करता करता सांगा, कुठे कोण आहे.”

खोटं बोलायलाही धीर लागतो. तो ताईंकडे नव्हता. त्यांनी मूठ पुढे नेली, थांबवली आणि पुटपुटल्या, “इथं सासूबाई आहेत.”

हॉलमध्ये हशा उसळला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. “सासूबाईंना मारता?”

“नाही हो! म्हणून तर अलीकडे थांबते!”

“बरोबर आहे तिचं,” बाकावरून सासूबाईंचा आवाज आला. “मी रोज समोर बसते. आजपर्यंत एकदाही ठोसा लागलेला नाही. वारा तेवढा लागतो.”

“आई, बस ना खाली,” मास्तर ब्रेक दाबत म्हणाले.

“पुढे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“इथं दूध आहे. वर येतं या वेळेला. इथं फ्रिज. वर कपाटाचं दार, ते मिटत नाही, सुताराला सांगितलंय…” ताईंचा आवाज रडवेला झाला होता, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या नमस्कारापर्यंत सगळं स्वयंपाकघर त्यांनी त्या हॉलमध्ये मांडून दाखवलं.

मोठ्या बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

“पट्टा देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्या कात्यात फ्रिज नाही. मोकळ्या जागेत शिकून परत या.”

ताईंनी मान डोलावली. मोठ्या बाई सरांकडे वळल्या. “हवेशी भांडण म्हणता ना तुम्ही याला? सकाळपासून एवढी माणसं बघितली. समोर कुणीतरी असल्यासारखं वागलेली ही एकटीच.” मग ताईंना म्हणाल्या, “नवा शिका. पण हा मोडू नका.”

घरी जाताना मास्तरांनी गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालवली. ताईंनी खिडकीबाहेर पाहत सोमवारचं वाक्य जुळवलं. ‘नाही जमणार हो, वाईट वाटून घेऊ नका.’

पण सोमवारी ते वाक्य वापरायची वेळच आली नाही. ताई दवाखान्यात पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई हसऱ्या चेहऱ्यानं समोर आल्या.

“ताई, किती बरं केलंत! सासूबाई सकाळीच कवळी घट्ट करायला येऊन गेल्या. म्हणाल्या, सुनेनं हो सांगितलंय. मग पुढच्या महिन्याची वाट कशाला, आजपासूनच सुरू करू. ही किल्ली.”

ताईंच्या हातात किल्ली आली आणि तोंडातलं वाक्य पोटात गेलं. डॉक्टरीणबाईंचा खुललेला चेहरा बघून ते पुन्हा वर काढायचा धीर होईना. त्यांनी दुपारी घरी फोन केला.

“असं कसं सांगितलंत तुम्ही?”

“तोंडानं,” सासूबाई म्हणाल्या. “इतके दिवस माझ्या नाकासमोर तुझी मूठ येते. मला कधी भीती वाटली नाही. तर तुला कसली वाटते?”

“निदान यांना पाठवा न्यायला.”

“त्याला मी सांगितलंय, जायचं नाही म्हणून. ऐकेल तो.”

संध्याकाळ झाली. डॉक्टरीणबाई गेल्या. शेवटच्या पेशंटचा गाल सुन्न करून, दाढ काढून, बोळा देऊन सहायकही गेले. ताईंनी खिडक्या लावल्या. मग परत उघडून परत लावल्या. नळ तपासला. खुर्ची पुसली, पुसलेलीच होती. अखेर करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या बाहेर आल्या, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि जिन्यातलं बटण दाबलं.

दिवा लागला. ताई भराभर उतरू लागल्या. वळण येतंय, येतंय, आणि दिवा विझला.

खालून पावलं वर येत होती.

जारवाला नव्हे. त्याची पावलं जड असतात, ही हलकी होती, जपून टाकलेली. ज्याला आवाज होऊ द्यायचा नाही अशा माणसाची. एक पायरी, मग थांबणं. मग आणखी एक. ओरडावं, तर घसा तोच, मागच्या वेळचा, बंद. पाय तेच, खांबासारखे. वर जावं तर कुलूप लावलेलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. डावीकडे कोपऱ्याची भिंत, उजवीकडे कठडा, पुढ्यात वळणाची एवढीशी फरशी. पावलं आता अगदी जवळ. कुणाचा तरी श्वास ऐकू आला. ताईंनी डोळे मिटले. तसाही अंधारच होता.

आणि कुठूनतरी त्यांच्या अंगाला वाटलं, ही जागा ओळखीची आहे. एवढीच रुंदी. एवढंच वळण. हॉलमध्ये सगळीकडे नुसती फरशी होती, इथं मात्र सगळं जागच्या जागी होतं.

अंग निघालं. पाय पुढे पडला, कंबर वळली, मूठ सुटली, सरळ, पूर्ण जोरात, आणि जिथं रोज थांबायची तिथं थांबली. डाव्या हातानं गॅस बारीक केला. ताई खांदा चोरून तिरक्या वळल्या, मान खाली घातली आणि त्या माणसाच्या बाजूनं, त्याला न शिवता, खालच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

अंधारात ‘धप्’ असा आवाज झाला. कुणीतरी पायरीवर जोरात ब्रेक दाबला होता.

“अगं, मी आहे मी!” मास्तरांचा आवाज चिरकला. “आईला सांगू नकोस!”

ताईंनी चाचपडत उरलेल्या पायऱ्या उतरून खालच्या मजल्यावरचं बटण दाबलं. वळणावर मास्तर भिंतीला चिकटून उभे होते, पायात चपला नव्हत्या, त्या हातात धरलेल्या. चेहरा चुन्यासारखा.

“चपला का काढल्यात?”

“तुला कळू नये म्हणून. म्हटलं, वर जाऊन आडोशाला थांबावं, तू पुढे उतरशील, मी मागून लांबून येईन. तू घाबरायला नको.” त्यांनी नाक चाचपून पाहिलं. ते होतं. “लागलं नाही,” ते आश्चर्यानं म्हणाले. “वारा लागला. अगं, केसभर पुढे असतीस तर…”

“तिथं सासूबाई बसतात,” ताई म्हणाल्या.

मास्तरांनी समोरच्या रिकाम्या हवेकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी पटल्यासारखी. आपल्या आईनं आपलं नाक वाचवलं हे त्यांनी जमेल तेवढं समजून घेतलं.

दिवा पुन्हा विझला. खाली कुठेतरी एक दार करकरलं. ताईंच्या अंगावर काटा आला, तो यायचाच. पण पाय खालच्या पायरीवर पडला, मग त्याच्या खालच्या.

“अगं, थांब ना,” वरून मास्तर म्हणाले. “दिसत नाहीये काही. माझे पाय लटपटतायत.”

ताई थांबल्या. मास्तर चाचपडत मागच्या पायरीवर आल्यावर ताईंनी अंधारात हात मागे केला. मास्तरांनी तो इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

“काही होत नाही हो,” ताई म्हणाल्या.